ओळखीचा चेहरा, अनोळखी नाव : थॉमस मिचेल



नाताळ जवळ आला की आपल्यापैकी काही घरांत 'इट्स अ वंडरफुल लाइफ' हा जुना कृष्णधवल चित्रपट पुन्हा एकदा पाहिला जातो. पूर्वी तो कॅसेटवर पाहिला जाई, मग सीडीवर, आता मोबाइलवर. त्यातला जॉर्ज बेली सर्वांना आठवतो. पंखांची वाट पाहणारा देवदूत क्लॅरेन्स तर लहान मुलांनाही आठवतो. आणि विसरू नये म्हणून बोटांना दोरे बांधून फिरणारा तो विसरभोळा बिली काका? तोही आठवतो. पण ती भूमिका कोणी केली असे विचारले तर बहुतेक जण गप्प बसतात. आम्हीही त्यांतलेच होतो. पुढे कधीतरी 'गॉन विथ द विंड' पाहताना स्कार्लेटच्या वडिलांना पाहून हा चेहरा कुठेतरी पाहिला आहे असे वाटले. 'हाय नून' पाहताना पुन्हा तेच. तेव्हा कुठे आम्ही सुरुवातीची नामावली नीट वाचली. तिन्ही ठिकाणी एकच नाव होते : थॉमस मिचेल. या गृहस्थांची थोडी ओळख करून द्यावी म्हणून हा लेख.

थॉमस मिचेल यांचा जन्म ११ जुलै १८९२ रोजी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातील एलिझाबेथ या शहरात झाला. आईवडील आयर्लंडहून आलेले. घरात वर्तमानपत्राचे वातावरण होते. वडील बातमीदार, भाऊही बातमीदार. गावातच संत पॅट्रिक यांच्या नावाने चालणाऱ्या शाळेत शिक्षण पूर्ण झाल्यावर थॉमसही वर्तमानपत्रात लागले. परंतु बातम्यांमागे धावण्यापेक्षा छोटी छोटी विनोदी प्रहसने लिहिण्यात त्यांना अधिक गोडी वाटू लागली. लिहिता लिहिता ते स्वतःच रंगमंचावर उभे राहिले. चार्ल्स कोबर्न या नटाची शेक्सपियरची नाटके करणारी एक फिरती मंडळी होती. तिच्याबरोबर गावोगावी हिंडून त्यांनी नटाचा धंदा शिकून घेतला. १९१६ च्या सुमारास ते न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आले आणि पुढची वीस वर्षे नाटकातच राहिले. अभिनय, दिग्दर्शन, लेखन सगळेच त्यांनी केले. फ्लॉइड डेल यांच्यासह त्यांनी लिहिलेले 'लिटल ॲक्सिडेंट' हे १९२८ चे नाटक बरेच चालले. पुढे त्याच कथेवरून गॅरी कूपर यांचा 'कॅसानोव्हा ब्राउन' (१९४४) हा चित्रपट निघाला.

१९२३ मध्ये एका मूकपटात त्यांनी काम केले होते, पण खऱ्या अर्थाने ते हॉलीवूडला गेले १९३६ मध्ये, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी. या वयात माणूस नायक होत नाही. शिवाय मिचेल दिसायलाही तसे नव्हते. अंगाने भरलेले, चेहरा गोल, केस विस्कटलेले आणि डोळ्यांत काही तरी खट्याळ. पण बोलपट आल्यापासून चित्रपट कंपन्यांना नाटकात मुरलेली माणसे हवीच होती. नायकाचा बाप, गावचा डॉक्टर, वकील, वार्ताहर, दारुडा मित्र अशा भूमिका करणाऱ्यांना आपण चरित्र अभिनेते म्हणतो. जाहिरातीवर त्यांचे नाव बारीक अक्षरात असते. मात्र नायक खरा वाटतो तो पुष्कळदा त्यांच्यामुळेच.

सुरुवातीच्या कामांपैकी एक तरी प्रत्येक कुटुंबाने पाहावे असे आम्हांला वाटते. ते म्हणजे लिओ मॅकॅरी यांचा 'मेक वे फॉर टुमॉरो' (१९३७). एका वृद्ध जोडप्याचे घर बँकेकडे जाते. मुले पाच आहेत, पण दोघांना एकत्र ठेवून घ्यायला कोणीच तयार नाही. वडील एका मुलीकडे जातात आणि आई थोरल्या मुलाकडे. तो थोरला मुलगा जॉर्ज म्हणजे मिचेल. जॉर्ज वाईट माणूस नाही. आईवर त्याचे प्रेम आहे, पण घर लहान आहे, बायकोची कुचंबणा होते आहे आणि तरुण मुलीला आजी अडचण वाटू लागली आहे. शेवटी आईला वृद्धाश्रमात ठेवायचे ठरते आणि हे तिला सांगायचे काम जॉर्जवर येते. आईला आधीच कळलेले असते. मुलाच्या तोंडून ते शब्द निघण्यापूर्वी तीच म्हणते की मला तिथे जायचे आहे, आणि मुलाची सुटका करते. या वेळी मिचेल यांचा चेहरा पाहावा. सुटल्याचा आनंद आणि स्वतःची लाज एकाच वेळी त्यावर दिसते. आईची भूमिका करणाऱ्या ब्यूला बाँडी प्रत्यक्षात त्यांच्याहून तीन-चार वर्षांनीच मोठ्या होत्या, पण पाहणाऱ्याला ते पटणार नाही. चित्रपट चालला नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका चित्रपटासाठी मॅकॅरींना दिग्दर्शनाचा ऑस्कर मिळाला, तेव्हा त्यांनी आपल्याला चुकीच्या चित्रपटासाठी बक्षीस दिले असे बोलून दाखवले.

त्याच वर्षी जॉन फोर्ड यांच्या 'द हरिकेन' मध्ये मिचेल यांनी दक्षिण समुद्रातील एका बेटावरचा डॉक्टर रंगवला. डॉक्टर दारू पितो, पण त्याचे मन जागे आहे. या भूमिकेसाठी सहायक अभिनेत्याच्या ऑस्करकरता त्यांचे नामांकन झाले. बक्षीस दुसऱ्याला मिळाले.

मग आले १९३९ साल. या एका वर्षात मिचेल यांचे पाच चित्रपट लागले : 'स्टेजकोच', 'ओन्ली एंजल्स हॅव विंग्ज', 'मिस्टर स्मिथ गोज टू वॉशिंग्टन', 'गॉन विथ द विंड' आणि 'द हंचबॅक ऑफ नोत्र दाम'. चित्रपटाचे जाणकार आजही या पाचांची नावे आदराने घेतात. त्यांतल्या तिघांना सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे नामांकन मिळाले. एका वर्षात असे भाग्य फारच थोड्या नटांच्या वाट्याला आले असेल. आणि पाचही माणसे वेगवेगळी! एकात ते दृष्टी मंदावत चाललेले वैमानिक आहेत. दुसऱ्यात राजधानीतले निर्ढावलेले वार्ताहर, तिसऱ्यात पॅरिसच्या भिकाऱ्यांचा राजा.

'गॉन विथ द विंड' मधील जेराल्ड ओहारा तर त्यांच्या स्वतःच्या आईवडिलांसारखाच आयर्लंडहून आलेला कॅथलिक माणूस. जमिनीवर जीव टाकणारा. संध्याकाळी सगळे कुटुंब गुडघे टेकून प्रार्थना करते तो प्रसंग आपल्या घरातील रोझरीची आठवण करून देतो. पुढे युद्धात सर्व जाते, पत्नी वारते आणि या रुबाबदार माणसाचे भान हरपते. ती आहे असे समजून तो बोलत राहतो. त्या चित्रपटात गुलामगिरीच्या काळाचे जे गोडवे गायले आहेत ते आज आपल्याला रुचणार नाहीत आणि रुचूही नयेत. पण म्हाताऱ्या ओहाराचे ते रिकामे डोळे विसरता येत नाहीत.

आता 'स्टेजकोच'. एका गावातील सभ्य स्त्रियांची मंडळी दोन माणसांना गावाबाहेर काढते. एक वेश्या आणि दुसरे दारूपायी सर्व गमावलेले डॉक्टर बून. दोघे एका घोडागाडीत बसतात. त्याच गाडीत एक प्रतिष्ठित बँकवाला आहे, जो खरे तर चोर आहे. एका सैनिक अधिकाऱ्याची गरोदर पत्नी आहे, जी त्या बदनाम बाईशेजारी बसायलाही तयार नाही. वाळवंटातील एका ठाण्यावर त्या पत्नीला कळा सुरू होतात आणि डॉक्टर नशेत असतो. तो काळी कॉफी मागवतो, पेल्यामागून पेले रिचवतो, उलटी करतो, डोक्यावर पाणी ओतून घेतो आणि शुद्धीवर येतो. बाळ सुखरूप जन्मते. ते बाहेर घेऊन येते ती तीच, गावाने हाकललेली बाई. चित्रपटात कुणीही उपदेश करत नाही. शेवटी कुणी प्यायला बोलावले तर डॉक्टर फक्त एकच पेला घेईन म्हणतो. म्हणजे माणूस पुरता सुधारला असेही नाही. आम्हांला हे फार खरे वाटते.

जॉन फोर्ड सेटवर नटांना फाडून खाणारे म्हणून प्रसिद्ध होते. असे सांगतात की ते एकदा मिचेल यांच्यावर घसरले, तेव्हा मिचेल यांनी शांतपणे त्यांना त्यांच्याच एका पडलेल्या चित्रपटाची आठवण करून दिली. त्यानंतर फोर्ड त्यांच्या वाटेला गेले नाहीत.

डॉक्टर बूनसाठी मिचेल यांना ऑस्कर मिळाला. समारंभ २९ फेब्रुवारी १९४० रोजी लॉस एंजलिसच्या अँबॅसडर हॉटेलात झाला. त्याच रात्री 'गॉन विथ द विंड' मधील मॅमीच्या भूमिकेसाठी हॅटी मॅकडॅनिएल यांना सहायक अभिनेत्रीचे बक्षीस मिळाले. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय कलावंत. पण त्या हॉटेलात कृष्णवर्णीयांना मज्जाव असल्याने त्यांना सहकाऱ्यांपासून दूर, भिंतीकडच्या वेगळ्या टेबलावर बसवले होते. आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. त्या काळी सहायक भूमिकांसाठी सोनेरी पुतळा देत नसत, एक लहानसा फलक देत. नायकाला पुतळा आणि इतरांना पाटी! १९४३ सालच्या पुरस्कारांपासून ही पद्धत बदलली आणि सहायक अभिनेत्याचा पहिला पूर्ण पुतळा मिळाला तो चार्ल्स कोबर्न यांना. म्हणजे ज्यांच्या फिरत्या मंडळीत मिचेल तरुणपणी शिकले त्यांनाच.

युद्धाच्या वर्षांत त्यांनी पुष्कळ कामे केली. ती सर्व चांगली होती असे नाही. हॉवर्ड ह्यूज यांच्या 'द आउटलॉ' मध्येही ते होते आणि त्या चित्रपटावर कॅथलिकांच्या 'लीजन ऑफ डिसेन्सी' ने बहिष्कार घातला होता. पण १९४४ सालचे दोन चित्रपट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

पहिला 'द सलिव्हन्स'. आयोवा राज्यातील वॉटरलू गावच्या कॅथलिक सलिव्हन कुटुंबातील पाच भाऊ एकाच युद्धनौकेवर भरती झाले आणि १३ नोव्हेंबर १९४२ रोजी ग्वादलकनालच्या लढाईत 'जूनो' बुडाली तेव्हा पाचही गेले. ही घडलेली गोष्ट. मिचेल यांनी वडिलांची भूमिका केली. वडील रेल्वेत नोकरीला. नौदलाचा अधिकारी घरी येतो. आईवडील विचारतात कोणता मुलगा, आणि कळते की पाचही. थोड्या वेळाने वडील डबा घेऊन कामावर जातात, कारण गाडी सुटायची असते आणि त्यांनी कधी खाडा केलेला नसतो. रुळांच्या कडेला पाण्याची एक उंच टाकी आहे. लहानपणी मुले तिच्यावर चढून वडिलांच्या गाडीला हात हलवत. गाडी तिथून जाते. टाकीवर कोणी नाही. बाप त्या रिकाम्या टाकीला सलामी देतो. एवढेच. मिचेल रडत नाहीत, रडतो आपण.

दुसरा 'द कीज ऑफ द किंगडम'. ए. जे. क्रोनिन यांच्या कादंबरीवरचा हा चित्रपट, चीनमध्ये मिशनकार्य करणाऱ्या फादर फ्रान्सिस चिझम यांची कथा. फादर झाले आहेत ग्रेगरी पेक. मिचेल हे त्यांचे बालमित्र डॉक्टर विली टुलक. विली नास्तिक आहे, तरी मित्राच्या हाकेला धावून औषधे घेऊन चीनला येतो. यादवी युद्धातील जखमींची सेवा करताना त्यालाच गोळी लागते. तो मरणशय्येवर आहे आणि फादर उशाशी बसले आहेत. आपण समजतो की आता हा देवाचे नाव घेईल. तो घेत नाही. अजूनही आपला विश्वास बसत नाही हे तो मित्राला प्रामाणिकपणे सांगतो. आणि फादर त्याच्यावर कसलीही जबरदस्ती करत नाहीत. मित्रावरची माया तशीच राहते. आम्ही हा प्रसंग पहिल्यांदा पाहिला तेव्हा अस्वस्थ झालो होतो. शेवटच्या घटकेला तरी त्याने हात जोडले असते तर बरे वाटले असते, असे मनात आले. दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा मात्र आम्ही विलीकडे कमी आणि फादरांकडे जास्त पाहिले.

आणि मग बिली काका. 'इट्स अ वंडरफुल लाइफ' प्रथम २० डिसेंबर १९४६ रोजी न्यूयॉर्कमध्ये दाखवला गेला. बिली काका पतपेढीचे आठ हजार डॉलर भरायला बँकेत जातात. तिथे सावकार पॉटर भेटतो. पुतण्याला शौर्यपदक मिळाल्याचा अभिमान पॉटरला दाखवण्याच्या भरात पैशाचे पाकीट त्याच्याच वर्तमानपत्रात गुंडाळले जाते आणि हरवते. जॉर्ज त्यांच्या कोटाला धरून गदागदा हलवतो. काका टेबलावर डोके ठेवून रडतात आणि त्यांची पाळीव खार हळूच त्यांच्या हातावर चढते. शेवटी तेच काका टोपलीभर पैसे घेऊन घरात शिरतात. सारे गाव धावून आलेले असते.

या चित्रपटाची एक हकीकत सांगितली जाते. मेजवानीत झिंगलेले काका झोकांड्या खात पडद्याबाहेर जातात त्याच क्षणी सेटवरच्या कामगाराच्या हातून सामान पडले आणि मोठा आवाज झाला. दुसऱ्या कुणी चित्रण थांबवले असते. मिचेल यांनी पडद्याबाहेरूनच, मला काही झालेले नाही अशा अर्थाची आरोळी ठोकली, जणू काकाच धडपडले. दिग्दर्शक फ्रँक काप्रा यांनी ते तसेच ठेवले. पुढच्या वेळी कान देऊन ऐका. चित्रपट सुरुवातीला तोट्यात गेला. १९७४ मध्ये त्याचे हक्क नूतनीकरणाअभावी मोकळे झाल्यावर दूरदर्शन वाहिन्या तो दर नाताळात फुकट दाखवू लागल्या आणि तो घरोघरी पोहोचला. मिचेल ते पाहायला नव्हते.

१९४९ च्या 'एलियस निक बील' मध्ये त्यांना मोठी भूमिका मिळाली. एक सज्जन सरकारी वकील एका गुंडाला शिक्षा व्हावी म्हणून आत्माही देईन असे सहज बोलून जातो आणि सैतान सूटबूट घालून दारात येतो. एकेक पायरी उतरत माणूस कसा विकला जातो हे मिचेल यांनी फार समजून दाखवले आहे.

पण त्यांचे सर्वांत बोचणारे काम आम्हांला वाटते ते 'हाय नून' (१९५२) मधले, आणि ते चर्चमधले आहे. रविवारची सकाळ, भक्ती चालू आहे. गावचा मार्शल केन आत येतो. दुपारच्या गाडीने एक खुनी त्याचा सूड घ्यायला येतो आहे, मदतीला माणसे हवी आहेत. काही जण लगेच उठतात. मग कुणीतरी शंका काढतो. मुलांना बाहेर खेळायला पाठवले जाते आणि चर्चा सुरू होते. पास्टरांनाही काय सांगावे ते सुचत नाही. शेवटी गावचे नगराध्यक्ष हेंडरसन पुढे येतात. हेच मिचेल. ते केनची मनापासून स्तुती करतात. या माणसाने गावासाठी किती केले, आपण त्याचे किती देणे लागतो. केनच्या चेहऱ्यावर आशा दिसते. आणि त्याच प्रेमळ आवाजात हेंडरसन सांगतात की रस्त्यावर गोळीबार झाला तर बाहेरचे लोक गावात पैसा गुंतवणार नाहीत, तेव्हा केनने गाव सोडून जावे हेच उत्तम. बाके भरलेली आहेत. कोणी उठत नाही. केन एकटा बाहेर पडतो. हेंडरसन खलनायक नाही, केनचा मित्र आहे. वाक्यावाक्याला मान डोलवावीशी वाटते, हीच त्या अभिनयाची करामत. चित्रपटाचे लेखक कार्ल फोरमन यांना त्याच सुमारास कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून संसदेच्या समितीपुढे उभे केले होते आणि अनेक मित्रांनी पाठ फिरवली होती. त्यांनी ते चर्च कुठून आणले हे वेगळे सांगायला नको.

१९५३ च्या फेब्रुवारीत मिचेल यांना दूरचित्रवाणीचा एमी पुरस्कार मिळाला आणि मार्चमध्ये 'हेझल फ्लॅग' या संगीत नाटकासाठी रंगभूमीचा टोनी. ऑस्कर, एमी आणि टोनी हे तिन्ही मिळवणारे ते पहिले पुरुष. स्त्रियांत हेलन हेज त्यांच्या काही आठवडे आधी. त्याच वर्षी त्यांचे पुतणे जेम्स मिचेल अमेरिकेचे कामगारमंत्री झाले. 'डेथ ऑफ अ सेल्समन' मधील थकलेला विली लोमनही त्यांनी रंगमंचावर केला.

त्यांच्या घरगुती आयुष्याविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. पहिला विवाह मोडला, दुसराही टिकला नाही आणि पुढे त्यांनी पहिल्या पत्नीशीच पुन्हा लग्न केले.

१९६१ मध्ये काप्रा यांच्या 'पॉकेटफुल ऑफ मिरॅकल्स' मध्ये ते एका खोट्या न्यायाधीशाच्या वेषात दिसले. हा त्यांचा शेवटचा चित्रपट. त्यात पीटर फॉक नावाचा एक तरुण नटही होता. १९६२ मध्ये मिचेल एका नवीन नाटकाच्या दौऱ्यावर निघाले. त्यात त्यांची भूमिका होती एका गबाळ्या, विसरभोळ्या वाटणाऱ्या पण आतून तल्लख पोलीस अधिकाऱ्याची. त्याचे नाव लेफ्टनंट कोलंबो. त्या वर्षी १५ डिसेंबरला, 'हंचबॅक' मधला कुबडा रंगवणारे चार्ल्स लॉटन गेले. दोन दिवसांनी, १७ डिसेंबर १९६२ रोजी, बेव्हर्ली हिल्स येथे मिचेल यांचे कर्करोगाने निधन झाले. नाताळला आठवडा उरला होता. वय सत्तर. सहा वर्षांनी कोलंबो दूरचित्रवाणीवर आला तेव्हा तो चुरगळलेला रेनकोट पीटर फॉक यांनी घातला, आणि पुढे सारे जग कोलंबो म्हणून त्यांनाच ओळखू लागले.